भोपळ्याच्या देठाचा शालू

वेणीमाधव पुराणिकांच्या स्वयंपाकघरात साखर शोधायची म्हणजे माणूस निदान बी.एस्सी. झालेला हवा. कारण साखरेच्या डब्यावर 'साखर' असं लिहिलेलंच नव्हतं. तिथे इंग्रजी अक्षरांत, खाली पट्टीने रेघ मारून, उसाचं लॅटिन नाव लिहिलं होतं. मुगाच्या डब्यावर मुगाचं, जिऱ्याच्या डब्यावर जिऱ्याचं. मीठ ही काही वनस्पती नव्हे, म्हणून तो डबा कोरा. कोरा डबा म्हणजे मीठ, एवढी खूण त्यांच्या बायकोने, अंबिकाबाईंनी, पक्की ध्यानात ठेवली होती आणि बाकीचे डबे त्या वासावर उघडत. "अहो, डाळीला नाव ठेवायचं ते निदान घरात कुणाला वाचता येईल असं तरी ठेवा," असं त्या लग्नानंतर पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या. मग म्हणणं सोडून दिलं. त्यालाही आता सव्वीस वर्षं झाली होती.

स्वतः वेणीमाधव बी.एस्सी. नव्हते, ही गोष्ट वेगळी. घराणं पुराणिकांचं. अमृतराव पेशव्यांच्या मागोमाग पुण्याहून काशीला आलं आणि राजा घाटावर पिढ्यान्‌पिढ्या पुराण सांगत बसलं. वडिलांची इच्छा होती की मुलानेही पोथी उघडावी. पण हा पठ्ठ्या इंटरला असताना कुणीतरी त्याला मायक्रोस्कोपखाली कांद्याचं साल दाखवलं आणि तिथेच सगळं आटोपलं. पुढे केमिस्ट्रीने दगा दिला, डिग्री राहिली ती राहिलीच. मग एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायकाची नोकरी धरली. सहायक म्हणजे कागदोपत्री बाटल्या धुणारा. पण त्या माणसाच्या हातात अशी चित्रकला होती की काय सांगावं! प्राध्यापक आले, गेले, रिटायर झाले; भिंतीवरचे तक्ते मात्र सगळे वेणीमाधवांच्या हातचे. सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल घ्यायची, एक डोळा मायक्रोस्कोपला लावायचा आणि जे दिसतं ते आणि तेवढंच काढायचं. मग पट्टी घेऊन उजवीकडे रेघा मारायच्या, आणि प्रत्येक रेघेपुढे त्या त्या भागाचं नाव. लेबल नसलेलं चित्र त्यांच्या लेखी चित्रच नव्हे.

आणि चूक म्हणून सहन व्हायची नाही. शेजारच्या बकुळमावशी, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, त्यांनी एका दिवाळीत दारात रांगोळीचं कमळ काढलं. वेणीमाधव दूध घेऊन येत होते ते तिथेच उकिडवे बसले. "मावशी, हे कमळ नाही. पाकळ्या पाच, मधून तुरा बाहेर. ही जास्वंद झाली." मावशींनी रांगोळीचा डबाच त्यांच्या हातात ठेवला. "मग काढा तुम्हीच!" त्यांनी काढलं की! लेबलांसकट. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मावशींच्या उंबऱ्यासमोर परागकोश आणि बीजांडाशय लिहिलेलं होतं आणि दूध तोपर्यंत नासलं होतं.

आता अंबिकाबाईंचं ऐका. जन्म काशीतला, सासर काशीतलं, आणि अंगावर नेसायला स्वतःचा म्हणून बनारसी शालू नाही! समुद्रात राहून अंघोळीला पाणी नसावं, तसली गत. तसं शालूंशी त्यांचं नातं जवळचं. पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून पत्रं यायची: 'वहिनी, तुम्ही तिथेच आहात, तर एक चांगलासा पाहून ठेवा.' मग अंबिकाबाई शालूंच्या बाजारात, कुंजगलीत जायच्या. दुकानदार शालू फडफडवत उलगडायचा, आणि त्या म्हणायच्या, "सुलट नको, उलटी बाजू दाखव." उलट्या बाजूवरून बोटं फिरवली की विणणाऱ्याचा हात कसा आहे ते त्यांना कळायचं. दुकानदार त्यांना वचकून असत.

स्वतःचे शालू त्यांना तीन झाले. पहिला लग्नातला, तो नणंदेच्या लग्नात नणंदेबरोबर गेला. दुसरा दहा वर्षांनी घेतला. तो पाहून जाऊबाईंची आई म्हणाली, "आम्हाला बाई असला कुठला मिळायला!" आणि या घरात असं कुणी म्हटलं की वस्तूची घडी करून, वर हळदीकुंकू लावून, हातात ठेवायची रीत होती. तिसरा नागपूरला आठ दिवसांसाठी गेला. त्र्याऐंशी सालची ही गोष्ट, ते आठ दिवस अजून संपले नाहीत. अंबिकाबाईंना 'नाही' म्हणता येत नसे. तो शब्दच ओठांवर यायचा नाही.

चौऱ्याण्णव साली त्यांच्या मुलीचं, ईशानीचं, लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, बँकेत. लग्न मार्गशीर्षात, काशीतच. विहीणबाईंचं नाव शरदिनी. मुलगी पाहायला आल्या तेव्हा असं नेसल्या होत्या की अंबिकाबाईंनी पोहे देताना आधी त्यांचा काठ पाहिला आणि मग तोंड. त्यानंतर पंधरा दिवसांनी, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मला काही नको. पण ईशानीच्या लग्नात एकदाच, माझ्या अंगावर माझा स्वतःचा शालू असावा. नंतर नेऊ देत कुणाला न्यायचा तो."

वेणीमाधवांच्या घशात पुरी अडकली. सव्वीस वर्षांत या बाईने काही मागितलं नव्हतं आणि त्यांच्याही ते कधी डोक्यात आलं नव्हतं. ठसका ओसरल्यावर ते म्हणाले, "मी करवून घेतो. विकत नाही, करवून. तुझ्यासाठी म्हणून."

"तुम्ही?" अंबिकाबाईंनी सूप खाली ठेवलं. "कशाचा? कांद्याच्या सालाचा?"

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"आहे हो. म्हणून तर भीती वाटते."

पण वेणीमाधवांच्या डोक्यात मुस्तकीम मियाँ कधीच येऊन बसले होते. हे विणकरांच्या वस्तीत, मदनपुऱ्यात राहत आणि शालूचे नक्शे काढत. म्हणजे असं, की शालू मागावर विणला जातो खरा, पण त्याआधी कुणाला तरी कागदावर बारीक चौकोन भरत भरत बुट्टा काढावा लागतो. एक चौकोन म्हणजे एक धागा. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, आणि त्या भोकांच्या हुकमाने मागावरचे धागे वरखाली व्हायचे. कागदावर असेल तेच कापडावर उतरतं, तिथे माया-दया नाही. दोन वर्षांपूर्वी मुस्तकीम मियाँ रेशमाची लडी घेऊन कॉलेजात आले होते. अस्सल की नकली, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. वेणीमाधवांनी दाखवलं: अस्सल धागा काचेच्या कांडीसारखा नितळ, नकलीवर उभ्या रेघा. मियाँ खूश झाले. आणि उठता उठता त्यांनी शेजारच्या मायक्रोस्कोपला सहज डोळा लावला.

ते उठेचनात.

"पंडितजी," ते डोळा न काढता म्हणाले, "ये बूटा किस उस्ताद का है?"

"कोहड़े का."

"कौन कोहड़ा साहब?"

"अरे कोहड़ा! तरकारी वाला!"

भोपळ्याच्या देठाचा आडवा काप होता तो. वस्तऱ्याने कापलेला, कागदाहून पातळ, लाल आणि हिरव्या रंगात रंगवलेला. पाच कोनांची नक्षीदार चौकट, आत दहा लाल-हिरवे ठिपके दोन ओळींत मांडलेले, मध्ये पोकळी. जरीत रंगीत रेशीम भरून मीना करतात ना, अगदी तसा. "चालीस साल से फूल-पत्ती बना रहे हैं हम," मियाँ म्हणाले, "और ये तो अंदर से बना-बनाया रखा है." त्या दिवसापासून दोघांचं मैत्र जुळलं. मियाँ नवी स्लाइड पाहायला यायचे आणि वेणीमाधव मदनपुऱ्यात जाऊन चौकोन भरायला शिकायचे. दोघेही एकमेकांच्या कामाची वाहवा करत आणि दोघांनाही मनातून वाटे की समोरच्याला थोडं कमीच कळतं.

तेव्हा शालूवर बुट्टा कशाचा, हा प्रश्नच नव्हता. वेणीमाधवांनी प्रयोगशाळेतला एक जुना तक्ता नेऊन दाखवला, आणि मुस्तकीम मियाँनी आठ दिवसांत त्यावरून नक्शा काढला. तो पाहून वेणीमाधवांच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"ये क्या है?"

"थोड़ा सजा दिया."

"ये आठ कोने? पाँच होते हैं, पाँच!"

"आठ में हिसाब बराबर बैठता है, पंडितजी."

"कोहड़े को आपके हिसाब से क्या लेना-देना? और ये बीच में फूल?"

"खाली अच्छा नहीं लगता."

"वो खाली ही होता है! पोला है, पोला!"

आता मुस्तकीम मियाँचा मदनपुऱ्यात दबदबा होता. त्यांच्या नक्श्याला बोट लावायची आजवर कुणाची हिंमत झाली नव्हती. त्यांनी लेखणी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "ठीक है. आप ही बना लाइए. जो कागज़ पर होगा, वही कपड़े पर होगा. न एक लकीर कम, न एक ज़्यादा. ज़बान रही."

वेणीमाधव उड्या मारत घरी आले. चार रविवार बसले. ताज्या देठाचे चाळीस काप काढले, त्यातला एक मनासारखा निघाला. अंबिकाबाईंना वाटलं, परीक्षेचा तक्ता असेल. त्या मुकाट्याने चहा आणून ठेवायच्या. असं चित्र वेणीमाधवांनी जन्मात काढलं नव्हतं. प्रत्येक पेशी जिथल्या तिथे. आणि चित्र पुरं झाल्यावर, आयुष्यभर केलं तेच त्यांनी केलं. पट्टी घेतली, उजवीकडे सात रेघा मारल्या, रेघांपुढे इंग्रजीत सात नावं लिहिली, खाली 'आकृती तीन' आणि शेजारी चाळीस पट हा आकडा. हे त्यांना कळलंसुद्धा नाही! आपण जेवून उठल्यावर चूळ भरली की नाही, हे कुणाला आठवतं का? तसंच ते.

मुस्तकीम मियाँनी कागद पाहिला. मग वेणीमाधवांकडे पाहिलं.  शेवटी उजव्या बाजूवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "ये सब रहेगा?"

वेणीमाधवांचे डोळे देठावर खिळलेले. "सब! एक-एक रेखा!"

"जैसी आपकी मर्ज़ी," मियाँ म्हणाले. अक्षरं नीट उठावीत म्हणून त्यांना बुट्टा पुरीएवढा मोठा करावा लागला आणि पुठ्ठे दुपटीने लागले. पण जबान म्हणजे जबान.

विणायला मियाँचे थोरले भाऊ बसले. वेणीमाधव दोनदा मागावर जाऊन आले, पण तिथे कापड उलटं विणतात. वर दिसतो तो पाठचा भाग. त्यांना धाग्यांचं जंगल दिसलं, ते "वा!" म्हणाले आणि परत आले. अंबिकाबाईंनी एका नजरेत ओळखलं असतं. पण त्यांना कसं नेणार? गुपित होतं ना!

लग्नाला आठ दिवस राहिले असताना शालू आला. दुपारची वेळ, रुखवताला चार बायका जमलेल्या, बकुळमावशी अर्थातच त्यांत. मुस्तकीम मियाँ पांढऱ्या मलमलीत गुंडाळलेली घडी स्वतः देऊन गेले. वेणीमाधवांनी ती बायकोच्या मांडीवर ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले. वांगी रंगाचं रेशीम खोलीत असं उजळलं की ईशानीच्या हातातली लाटीच खाली पडली. जरीच्या गोल बुट्ट्यांत लाल-हिरवा मीना. "अगं बाई!" अंबिकाबाई एवढंच म्हणाल्या. त्यांचा चेहरा पाहून वेणीमाधवांना आपण पेशवे असल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी शालू आणखी उलगडला. "हे काय हो? बुट्ट्याला हे पाय कसले?"

"पाय?" वेणीमाधव वाकले.

बकुळमावशींनी चष्मा लावला. इंग्रजीच्या बाई त्या, समोर अक्षर दिसलं की मोठ्याने वाचल्याशिवाय राहायच्या नाहीत. "एपिडर्मिस," त्या वाचू लागल्या. "कॉर्टेक्स. झायलेम. फ्लोएम. फिगर थ्री! अगं, हे सगळ्या बुट्ट्यांवर आहे की! पदरावरसुद्धा!"

"आई," ईशानी म्हणाली. ती बी.एस्सी. झालेली, तिला लपवता आलं नाही. "हा भोपळ्याच्या देठाचा आडवा छेद आहे. मला प्रॅक्टिकलला आला होता."

 मग बकुळमावशींचा बांध फुटला. "वांग्यावर भोपळा! अंबिके, सव्वीस वर्षांनी पदरात पडला तो भोपळाच गं!" चौघीजणी पोट धरधरून हसल्या. एकीला उचकी लागली. वेणीमाधवांचा चेहरा पांढराफटक. अंबिकाबाई हसल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत. त्यांनी शालूची घडी केली, कपाट उघडून आत ठेवली आणि विचारलं, "तुम्हाला जेवायला वाढू का?"

रागावली असती तर परवडलं असतं. वेणीमाधव जेवले नाहीत. चप्पल उलटसुलट घालून त्यांनी थेट मदनपुरा गाठला आणि दारातूनच ओरडले, "ये क्या कर दिया आपने!"

मुस्तकीम मियाँ उठले. पेटीतून त्यांनी तो कागद काढला, वेणीमाधवांसमोर पसरला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. सात रेघा. सात नावं. आकृती तीन. सगळं वेणीमाधवांच्या वळणदार अक्षरात.

वेणीमाधवांनी चटईवर बसून सातही नावं वाचून काढली.

"हमने पूछा था," मियाँ म्हणाले. त्यांचा आवाज मात्र मवाळ होता. "सोचा, पढ़े-लिखों के घर का रिवाज होगा."

"ये निकल जाएगा क्या? सिर्फ़ लकीरें? सिर्फ़ अक्षर?"

"एक-एक बूटा अलग से काढ़ा है, पंडितजी. लकीर निकालेंगे तो कपड़ा साथ आएगा."  मग भावाच्या फडताळातून त्यांनी दुसरा शालू काढला. शेंदरी, कोयऱ्यांचा, नेहमीचा, नाव ठेवायला जागा नाही असा. "ये ले जाइए. वो हमें लौटा दीजिए. कोई विलायती ले ही जाएगा."

वेणीमाधव तो शालू काखेत धरून घाटाघाटाने घरी निघाले. वाटेत त्यांना फार वाईट वाटलं. लोकांच्या कमळांच्या पाकळ्या मोजत फिरलो, आणि या एका बाईला एक वस्तू द्यायची होती तर तीही आपल्याला धड देता आली नाही, असं त्यांना वाटत राहिलं.

घरी आले तर मधल्या खोलीत वांगी शालू पुन्हा पसरलेला, उलटा. अंबिकाबाई त्यावरून बोटं फिरवत बसल्या होत्या.

"चूक माझी आहे," वेणीमाधव म्हणाले. हे शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारले जात होते, त्यामुळे ते जरा अडखळतच आले. "मुस्तकीमची नाही. मी लेबलं केली. हा दुसरा आणलाय, बदलून घे."

अंबिकाबाईंनी शेंदरी शालू घेतला, सवयीने उलटून पाहिला. "चांगला आहे," त्या म्हणाल्या. "अगदी सुरेख. हा वर्षभरात पुण्याला तरी जाईल नाहीतर नागपूरला." त्यांनी तो परत द्यायला म्हणून बाजूला ठेवला आणि वांगी शालूचं टोक उचललं. "हा बघा. एवढी सगळी बुट्ट्यांची गर्दी, आणि मागे एक धागा लोंबत नाही. जन्मात असं काम पाहिलं नाही मी. आणि मला सांगा, भोपळ्याच्या देठाचा, आकड्यांचा, इंग्रजी नावांचा शालू अख्ख्या महाराष्ट्रात कोण मागणार आहे?"



"कुणी मागणार नाही," अंबिकाबाईंनीच सांगितलं, आणि आता कुठे त्या हसल्या. "हाच नेसणार मी. फक्त विहीणबाईंनी विचारलं तर माझी फजिती नको. बसा इथे. एकेक रेघ समजावून सांगा."

पुढचे आठ दिवस घरात चिरोटे तळता तळता भोपळ्याचा अभ्यास चालला. बकुळमावशी मदतीला यायच्या आणि उच्चार सुधारून जायच्या. "ही बाहेरची त्वचा. ही पाणी वर नेणारी नळी, ही अन्न खाली आणणारी. मधे पोकळ." अंबिकाबाईंना ते पाठ झालं आणि, खरं सांगायचं तर, आवडायलाही लागलं. इतकी वर्षं भोपळा चिरला आणि देठ फेकून दिला, त्याच्या आत एवढा थाट आहे हे यांनी आधी का नाही सांगितलं, असं म्हणून त्यांनी नवऱ्यालाच झापलं. ते म्हणाले, मी सव्वीस वर्षं सांगतोच आहे, तू ऐकत नव्हतीस. त्यावर बरीच बोलाचाली झाली.

सीमांतपूजनाच्या दिवशी राजा घाटाजवळच्या धर्मशाळेत वऱ्हाड उतरलं. मुस्तकीम मियाँ शेरवानी घालून दाराशी वेणीमाधवांजवळ उभे. अंबिकाबाई वांगी शालू नेसून समोर आल्या, आणि पुण्याच्या बायकांच्या माना एकदम वळल्या. शरदिनीबाईंचे पाय धुऊन झाले, ओटी भरून झाली. मग त्यांनी पर्स उघडून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि अंबिकाबाईंचा पदर हातात धरला.

"हे कुठलं फूल म्हणायचं?"

"फूल नव्हे. भोपळ्याचा देठ," अंबिकाबाई म्हणाल्या.  "आडवा कापला की आत असा दिसतो. ही त्वचा. या लाल नळ्यांतून पाणी वर जातं. ही हिरवी बाजू अन्नाची. मधे काही नाही, पोकळ. चाळीस पट मोठा केलाय. आमच्या यांनी काढला, आणि त्या दाराशी उभे आहेत ना, त्यांनी कागदावरून कापडावर आणला."

बायकांचा घोळका जमला. कुणी हसलं नाही. शरदिनीबाई एकेका रेघेवरून बोट फिरवत सगळं वाचत होत्या. मग त्यांनी मान वर केली. "विहीणबाई, मला बाई हा फारच आवडला."

झालं!  या वाक्याचा अर्थ मांडवातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होता. साधं कुणी बोललं असतं तर गोष्ट वेगळी, ही तर वरमाई. तिच्या तोंडून एवढं निघालं की मुलीच्या आईने आत जायचं, वस्तू उतरवायची, घडी करायची आणि हळदीकुंकू लावून हातात द्यायची. उद्या मुलगी यांच्याच घरी नांदायची आहे. मागून जाऊबाई कुजबुजल्या, "दे, दे. मान आहे त्यांचा. नाट लावू नको." ईशानी मुंडावळ्यांआडून आईकडे टक लावून पाहत होती.

अंबिकाबाईंचा हात पदराकडे गेला. सवयच ती. तिथे तो थांबला.  पुढे व्हावं, काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी, असं वेणीमाधवांना फार वाटलं, पण ते दाराशीच राहिले.

"नाही," अंबिकाबाई म्हणाल्या.

मांडवात टेपवरची सनई एकदम मोठी वाटायला लागली.

"नाही हो," त्या पुन्हा म्हणाल्या. डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. "दुसरं काहीही मागा, कमी पडू देणार नाही. हा मात्र माझा आहे. मी देणार नाही."

शरदिनीबाईंनी सावकाश चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून काही कळेना. मग त्यांनी हातातला पदर अंबिकाबाईंच्या खांद्यावर नीट बसवला, त्याची घडी सरळ केली आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "माझा लग्नातला शालू मोतिया होता. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मामेसासूंना द्यायला सांगितला. मी 'बरं' म्हटलं. एकतीस वर्षं झाली, अजून तो रंग दिसतो मला." त्यांनी ईशानीकडे पाहिलं. "बरं केलंत 'नाही' म्हणालात ते. लेकीलाही शिकवलंय ना?"

"कसली शिकवतेय!" अंबिकाबाईंनी त्याच पदराने डोळे पुसले. "मीच आत्ता शिकले."